घरच्या घरी ब्रेक बदलले, आता गाडी नीट थांबत नाही: पिकअप आणि छोट्या ट्रकसाठी तपासणीचा क्रम

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, कोल्हापूर भागात गाड्यांची कामं काढली जातात. स्वतःची पिकअप, छोटा हत्ती किंवा ४०७ चालवणारे बरेच जण ब्रेकचे पॅड (डिस्कवर दाबणारे) आणि लायनर (ड्रमला आतून घासणारे) दारातच बदलतात. काम फार अवघड नाही, पाने घरात असतात आणि मजुरी वाचते. अडचण येते ती चाकं बसवून झाल्यावर. पेडल तळाला जातं, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते, नाहीतर उचगावपर्यंत जाईस्तोवर मागच्या चाकातून जळका वास सुटतो. मग पहिला फोन पार्टच्या दुकानात जातो आणि पहिला पार्ट मागवला जातो तो मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप. पैसे वाया जातात ते इथंच.

काम काढायच्या आधी ब्रेक बऱ्यापैकी लागत होते ना? मग दोष बहुतेक वेळा तुमचा हात लागलेल्या जागीच असतो, किंवा तुमच्या कामामुळे डिवचल्या गेलेल्या एखाद्या जुन्या पार्टात. नवीन काही विकत घेण्याआधी पेडल, चाक आणि ऑइलची टाकी या तिघांकडून माहिती काढून घ्यायची. पुढचा सगळा मजकूर त्याच क्रमाने आहे. मुख्य भर ब्रेक ऑइलवर चालणाऱ्या, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाड्यांवर आहे. हवेच्या ब्रेकचे मोठे ट्रक शेवटी वेगळे घेतले आहेत.

आधी गाडी जागची हलवू नका

पॅड बसवताना कॅलिपरचा (डिस्कवर पॅड आवळणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन आपण मागे दाबलेला असतो. म्हणजे पॅड आणि डिस्क यांच्यात मोकळी जागा असते आणि पहिल्या दोन-तीन दाबांत पेडल तळाला जाणारच. ही बिघाडाची खूण नाही. गाडी उभी ठेवून पेडल सावकाश दाबत राहा, पिस्टन पुढे येऊन पॅड टेकले की पेडल वर येतं. हे न करता कुणी गिअर टाकला तर समोरची भिंतच ब्रेकचं काम करते.

तपासणीसाठी जागा सपाट आणि कडक हवी. पावसाळ्यानंतरच्या ओल्या मातीत जॅक तिरका होतो, म्हणून खाली जाड फळी घाला. मागचे ब्रेक तपासताना हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावलेले असलेच पाहिजेत. उचललेली गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक भार पडल्यावर अचानक फुटतात. ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसात गेलं की निघत नाही. पाण्याने भिजवून फडक्याने पुसा.

पेडल काय सांगतं ते ऐका

इंजिन बंद ठेवा. पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपवा, मग पायाला काय जाणवतं ते बघा.

पेडल पहिल्या दाबाला खूप खाली जातं, पण लागोपाठ दोन-तीनदा दाबलं की वर येऊन कडक होतं, तर मागचे लायनर ड्रमपासून लांब आहेत. म्हणजे सेटिंग राहिलं आहे. हे पक्कं करायला एक सोपी युक्ती आहे. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुन्हा पेडल दाबा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल लगेच वर लागलं, तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे आणि ऑइलच्या लाइनला हात लावायची गरज नाही. कितीतरी लोक या दोषासाठी दोन-दोन डबे ब्रेक ऑइल एअर, म्हणजे लाइनमधली हवा, काढण्यात घालवतात.

पंप मारल्यावर पेडल वर येतं पण तरीही रबरासारखं दबतं, उसळतं, तर लाइनमध्ये हवा आहे. याचीही खात्री करता येते. ऑइलच्या टाकीचं झाकण काढून वर सैल ठेवा, मदतीला असलेल्या माणसाला पेडल दहा-बारा वेळा भराभर दाबून शेवटी दाबून धरायला सांगा आणि मग एकदम सोडायला सांगा. पेडल सोडताक्षणी टाकीत ऑइल जोरात उसळलं, तर आत दाबली गेलेली हवा प्रसरण पावून ऑइल मागे ढकलते आहे. थोडीशी हालचाल होणं ठीक. तोंड टाकीवर धरू नका. ब्रेक ऑइल डोळ्यात गेलं तर चांगलीच आग होते आणि बॉनेटवर सांडलं तर रंग उचलतं.

पेडल वर लागतं, कडकही असतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली बसत जातं. इथे दोन शक्यता. बाहेर कुठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत ऑइल सोडतं आहे. आधी गळती शोधा. कॅलिपरला पाइप जोडणाऱ्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर जुनेच वापरलेत का? ते एकदा चेपले की दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. मागच्या व्हील सिलिंडरची (ड्रममध्ये लायनर बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरची) रबरी टोपी बोटाने उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर गळतो आहे. केबिनमध्ये पेडलच्या वर, जिथे रॉड आत जातो तिथे ओलसर आहे का? मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या सांध्यात ऑइल दिसतं का? कुठेच काही नसेल, टाकीतली पातळीही कमी होत नसेल आणि तरी पेडल बसत असेल, तर मात्र मास्टर सिलिंडरवर संशय घ्यायला हरकत नाही.

तो काम करतानाच का जातो, हेही सांगतो. रोजच्या वापरात त्याचा पिस्टन थोडाच पुढे जातो. उरलेल्या भागात वर्षानुवर्षं ओल आणि गंज साचतो. एअर काढताना आपण पेडल पार तळापर्यंत दाबतो आणि जुनं रबर त्या खरखरीत भागावरून घासून फाटतं. म्हणून जुन्या गाडीची एअर काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे ते तळाला जात नाही.

पेडल दगडासारखं कडक आहे आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टर तपासा. इंजिन बंद असताना पेडल दाबून धरा आणि चावी मारा. इंजिन सुरू होताच पेडल किंचित खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर काम करताना व्हॅक्यूमचा पाइप निघाला आहे का, क्लिप सैल आहे का ते बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो, तिथपर्यंत पाइप हाताने चाचपत जा. पाइप ठीक असेल, पेडलही सरकतं, तरी गाडी थांबत नाही, तर पॅड-लायनरवर ग्रीस लागलं आहे, ते जळून काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत, किंवा अजून बसायचे आहेत.

एअर काढणे

आधी ऑइल कोणतं ते बघा. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं कोरलेलं असतं. डॉट ४ जास्त तापमानाला उकळतं: नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस, डॉट ३ साठी हाच आकडा २०५. पण ही दोन्ही ऑइलं हवेतली ओल शोषून घेतात आणि ओल मुरल्यावर डॉट ३ चा उकळबिंदू १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो असं मानक धरलं जातं, डॉट ४ चा १५५. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. मागच्या वर्षी उघडून ठेवलेला अर्धा डबा टाकून द्या. सपाट रस्त्याला पेडल उत्तम आणि घाट उतरून खाली आल्यावर एकदम मऊ, पुन्हा थंड झाल्यावर ठीक, असं होत असेल तर ऑइल उकळतं आहे. पॅडचा त्यात काही दोष नाही. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल यात मिसळू नका. इंजिन ऑइल किंवा डिझेलचा थेंबही टाकीत गेला तर सगळी रबरं फुगतात आणि किटच्या किट बदलावी लागतात. फनेल कोरडं आणि स्वच्छ हवं.

क्रम सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू होतो. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा.

१. चारही निपल (प्रत्येक चाकाच्या ब्रेकवरचे हवा काढायचे छोटे स्क्रू) वायर ब्रशने साफ करा आणि रिंग पान्याने जरा हलवून बघा. फिक्स पान्याने कडा गोल होतात आणि मग निपल तुटतो.

२. निपलवर पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा.

३. आतल्या माणसाने पेडल सावकाश दोन-तीनदा दाबून धरायचं आणि तोंडाने "धरलं" म्हणायचं. मग बाहेरच्याने निपल पाव फेरा उघडायचा.

४. पेडल खाली जाईल. ते वर उचलायच्या आधी निपल बंद झालाच पाहिजे. बाहेरच्याने "सोड" म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. दोघांचा मेळ बसला नाही तर जितकी हवा निघते तितकीच परत आत ओढली जाते.

५. नळीत बुडबुडे येणं थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. मधून मधून टाकी भरत राहा. टाकी रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

आता तीन गोष्टी, ज्यांमुळे चार-चारदा एअर काढूनही पेडल मऊच राहतं.

पहिली, कॅलिपर उजव्या-डाव्या बाजूला उलटसुलट बसलेले असणं. दोन्ही उतरवून ठेवले असतील तर हे सहज होतं, कारण बोल्ट तसेही बसतात. कॅलिपर बसवल्यावर निपल वरच्या टोकाला दिसला पाहिजे. तो खाली असेल तर हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते आणि ऑइल तेवढं बाहेर येत राहतं.

दुसरी, मागच्या एक्सलवरचा लोडचा व्हॉल्व्ह. बऱ्याच पिकअपना चॅसी आणि एक्सल यांच्यामध्ये एक दांडी किंवा स्प्रिंग असलेला व्हॉल्व्ह असतो. गाडी रिकामी असेल तेव्हा तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो, भरलेली असेल तेव्हा वाढवतो. चॅसीला जॅक लावून मागची चाकं लोंबकळत ठेवली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी एकदम रिकामी आहे, आणि तो मागचं ऑइल अडवतो. म्हणून मागच्या चाकांची एअर काढताना घोडी एक्सलखाली लावा किंवा चाकं जमिनीवर ठेवा, जमल्यास हौद्यात थोडं वजन टाका. काही गाड्यांत या व्हॉल्व्हलाच वेगळा निपल असतो. त्याची दांडी वाकलेली किंवा निघालेली असेल तर भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमजोर लागतात आणि सगळा भार पुढच्या पॅडवर येतो.

तिसरी, मागचं सेटिंग न करताच एअर काढायला बसणं. ते आधी, एअर नंतर.

एवढं करूनही हवा कुठल्या चाकात आहे ते कळत नसेल तर रबरी ब्रेक पाइप दाबायचा गोल कडांचा क्लॅम्प मिळतो. सगळे रबरी पाइप दाबून बघा. पेडल कडक झालं तर मास्टर सिलिंडर ठीक आहे. मग एकेक क्लॅम्प सोडा. ज्याच्या सोडण्याने पेडल मऊ होतं ते चाक दोषी. साध्या पकडीने पाइप चेमटू नका, आतला थर तुटतो.

मागचा ड्रम: निम्म्या तक्रारींचं माहेर

लायनर बदलताना एका वेळी एकच बाजू उघडावी आणि दुसरी नमुना म्हणून तशीच ठेवावी, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी दोन्ही बाजू एकदम उघडल्या जातात, आणि जेवायला जाऊन आल्यावर कुठली स्प्रिंग कुठली ते आठवत नाही. मोबाइलवर फोटो काढलेला असेल तर नशीब.

ड्रम काढा आणि दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून बघावं तशा ताडून बघा. पुढचा आणि मागचा शू (लायनर ज्यावर बसवलेला असतो ती लोखंडी कमान) अदलाबदल झालाय का? काही गाड्यांत एका शूचा लायनर आखूड असतो किंवा खाली-वर सरकवून लावलेला असतो. शू ड्रमच्या जवळ आणणारा दातेरी चक्राचा अॅडजस्टर डाव्या आणि उजव्या बाजूचा वेगळा असतो, कारण आटे उलट असतात. ते अदलाबदल झाले तर आपोआप घट्ट होण्याऐवजी ब्रेक दर वेळी आणखी सैल होत जातो. काम केल्यावर आठवडाभर बरं, मग पेडल खाली, पुन्हा सेटिंग, पुन्हा खाली, असं होत असेल तर इथेच बघा.

मग सेटिंग, याच क्रमाने. आधी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल करा. केबल ताणलेली असली की शूला जोडलेला लिव्हर पूर्ण मागे येत नाही, शू आपल्या जागेवर टेकत नाहीत आणि तुम्ही केलेलं सेटिंग खोटं ठरतं. नंतर ड्रम बसवून मागच्या पत्र्यातल्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने दातेरी चक्र फिरवत चाक जाम होईपर्यंत आणा. पेडल एकदोनदा जोरात दाबा म्हणजे शू मधोमध बसतात. आता चक्र उलट फिरवत जा, चाक हाताने मोकळं फिरेल पण कुठेतरी हलका घासल्याचा आवाज येईल इथपर्यंत. दोन्ही बाजूंना सारखंच. सगळ्यात शेवटी हँडब्रेकची केबल ओढा. भोकाचं रबरी बूच परत लावायला विसरू नका. पावसात चिखल तिथूनच शिरतो.

ड्रम जुना असेल तर आतला व्यास मोजून घ्या. जास्तीत जास्त चालणारा व्यास सहसा ड्रमवरच कोरलेला असतो, डिस्कवर किमान जाडी. त्यापलीकडे गेलेला ड्रम शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर कितीही छान टर्निंग करून मिळाला तरी वापरायचा नाही. पातळ ड्रम तापल्यावर फाकतो, लायनर त्याच्या मागे धावतो आणि पेडल उतारावर खाली जातं. ज्या शहरात गल्लोगल्ली ओतकाम आणि लेथ आहेत तिथे लोकांना "अजून एक कट बसेल" असं वाटणं स्वाभाविक आहे. पण नवा ड्रम घ्या.

गाडी एका बाजूला ओढते

आधी टायरची हवा. हे हसण्यावारी नेऊ नका.

ब्रेक दाबल्यावरच गाडी डावीकडे जात असेल तर डावीकडचा ब्रेक चांगला लागतो आहे आणि उजवीकडचा कमजोर आहे, असं धरून सुरुवात करा. लोक उलट करतात, ज्या बाजूला ओढते तीच बाजू खोलून बसतात. ब्रेक न दाबताही डावीकडे जात असेल तर मात्र डावं चाक चिकटलेलं असू शकतं.

कमजोर बाजूला काय शोधायचं? पॅडवर बोटांचं ग्रीस. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल न पुसता बसवलेली डिस्क. मागच्या चाकात हबचं (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचं) सील गळून लायनरवर आलेलं एक्सलच्या हाऊसिंगचं ऑइल. ग्रीस किंवा ऑइल पिऊन बसलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून सुधारत नाही, तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. सील आणि लायनर दोन्ही बदला, आणि लायनर दोन्ही चाकांचे. एका बाजूला एका कंपनीचे आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कंपनीचे पॅड लावले तरी गाडी ओढतेच.

कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना हाताने ढकलून बघा. काही गाड्यांत दोन पिना वेगळ्या असतात, त्यांची जागा बदलली तर एक घट्ट होते. त्यांना बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं असेल तर रबर फुगून पिन अडकते; इथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लागतं. पॅड उलटा, म्हणजे लोखंडी पाठ डिस्ककडे करून बसवलेला असतो असं सांगितलं तर खोटं वाटेल, पण संध्याकाळच्या अंधारात घाईने केलेल्या कामात हे घडतं. तेव्हा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज पहिल्याच दाबाला येतो.

चाक तापतं, ब्रेक चिकटतो

दोन-तीन किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत चालवा, थांबा आणि चारही हबवर थोडं पाणी शिंपडा. एकाच चाकावर चर्र झालं तर दोष त्या चाकात, चारही चाकं तापली तर दोष वर, मास्टर सिलिंडर आणि पेडलकडे.

एकच चाक असेल तर ते उचला, कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि हाताने फिरवा. जाम असेल तर त्या चाकाचा निपल उघडा. ऑइलची पिचकारी आली आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. बहुतेक वेळा रबरी पाइप आतून फुगलेला असतो: जोराने दाबलं की ऑइल जातं, परत मात्र येत नाही. काम करताना कॅलिपर त्या पाइपवर लोंबकळत ठेवला असेल तर तिथेच आतला थर फाटतो. बसवताना पाइपला पीळ पडला असेल तरी हेच होतं. निपल उघडूनही चाक जाम राहिलं तर दोष यांत्रिक आहे: अडकलेला पिस्टन, घट्ट पिना, गंजलेल्या चिमट्यात रुतलेला पॅड, मागे असेल तर हँडब्रेकची केबल. पॅडची टोकं ज्या खाचेत बसतात ती कानशीने साफ केल्याशिवाय नवा पॅड सरकत नाही. बेअरिंगही विसरू नका. हब काढला असेल आणि नट जास्त आवळला असेल तर तापतं बेअरिंग आणि शिव्या ब्रेकला बसतात. नट सैल राहिला तर उलट होतं: चाक डुगडुगतं, डिस्क पॅडला मागे ढकलते आणि खड्ड्यानंतरचा पहिला ब्रेक खोल जातो.

चारही चाकं चिकटत असतील तर पेडल पूर्ण वर येतं का ते बघा. पेडलला किंचित मोकळी हालचाल हवीच. बूस्टरचा रॉड लांब झाला असेल किंवा ब्रेक लाइटचा स्विच पेडलला खाली दाबून धरत असेल, तर मास्टर सिलिंडरमधलं ऑइल टाकीत परतायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं आणि चालता चालता ब्रेक आपोआप लागत जातात. मास्टर सिलिंडरचे दोन्ही नट दोन-तीन फेरे सैल करून तो बूस्टरपासून थोडा पुढे घ्या. चाकं सुटली तर रॉड किंवा स्विच दोषी. नट परत आवळून मगच गाडी हलवा.

आवाज आणि थरथर

पहिल्या काही दिवसांचा हलका आवाज सोडून द्या. किंचाळल्यासारखा आवाज राहिला तर पॅडच्या मागची पातळ पत्री आणि क्लिपा बसवल्यात का ते बघा. झिजेची पट्टी डिस्कला घासत असेल तर आतला-बाहेरचा पॅड अदलाबदल झाला आहे. पेडलला ठोके जाणवत असतील तर डिस्क आणि हब यांच्या मध्ये गंजाची खपली अडकलेली असू शकते. एवढीशी खपली डिस्कच्या कडेला दुप्पट-तिप्पट होऊन डोलते. डिस्क काढा, हबचा चेहरा ब्रशने चकचकीत करा. टर्निंगचा विचार त्यानंतर.

हवेच्या ब्रेकचे मोठे ट्रक

लायनर शूला रिव्हेट मारून बसवलेले असतात आणि हे काम बाजारातून करून आणलं जातं, बसवणं मात्र आपण करतो. इथे पहिली सूचना जिवाची आहे. मागच्या चेंबरमधल्या स्प्रिंग ब्रेकचं (हवा नसली की स्प्रिंगच्या जोरावर लागणाऱ्या ब्रेकचं) घर उघडायचं नाही. आतली स्प्रिंग दाबून ठेवलेली असते आणि ती सुटली तर माणूस मरतो. केजिंग बोल्टने स्प्रिंग आवळल्याशिवाय चेंबर उतरवूही नका.

लायनर बदलल्यावर मागची चाकं सुटतच नसतील तर आधी हवेचा काटा बघा. पुरेशी हवा भरल्याशिवाय स्प्रिंग ब्रेक सुटत नाही. हवा भरत नसेल तर साबणाचं पाणी लावून सांधे तपासा. टाकीतलं पाणी रोज काढलं जातं का तेही विचारा.

हवा ठीक आहे आणि ब्रेक कमजोर आहे, तर स्लॅक अॅडजस्टर बघा, म्हणजे चेंबरची दांडी (पुशरॉड) आणि ब्रेकचा कॅम यांना जोडणारा, सेटिंग करायचा हात. पुशरॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूची खूण करा, ब्रेक लावा आणि खूण किती पुढे आली ते मोजा. एकाच एक्सलच्या दोन बाजूंत फरक असेल तर गाडी ओढणार. ब्रेक लागलेला असताना पुशरॉड आणि अॅडजस्टरचा हात यांच्यात साधारण काटकोन हवा, तरच पूर्ण जोर मिळतो. हाताने फिरवायचा अॅडजस्टर असेल तर लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळून मग सुमारे अर्धा फेरा सोडतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्या. ऑटोमॅटिक अॅडजस्टर मात्र पुन्हा पुन्हा हाताने आवळू नका. तो स्वतः घट्ट होत नसेल तर पिन गंजली आहे, बुश संपला आहे किंवा तो उलटा बसला आहे. इंग्रजी एस आकाराचा कॅम डाव्या आणि उजव्या चाकाचा वेगळा असतो, अदलाबदल झाला तर तो उलट फिरतो आणि ब्रेक धड लागत नाही.

चाचणी आणि नंतरचे दोन दिवस

पहिली चाचणी अंगणात, चालण्याच्या वेगाने. हँडब्रेक एकट्याने गाडी धरतो का ते आधी बघा, कारण पेडल गेलं तर तोच हाताशी असतो. मग मोकळा सपाट रस्ता. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले आतले रस्ते सुट्टीच्या सकाळी बरे. महामार्गावर, तावडे हॉटेलच्या गर्दीत किंवा पन्हाळ्याच्या उतारावर ही चाचणी घेऊ नका.

नवे पॅड आणि लायनर बसायला वेळ लागतो. ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन मध्यम जोराने ब्रेक लावत १० पर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून गार होऊ द्यायचं आणि पुन्हा तसंच. वीसेक वेळा केलं की पेडलचा अंदाज बदललेला कळतो. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहिलं तर पॅडचा छाप तिथेच चिकटतो आणि थरथर सुरू होते. हे होईपर्यंत हौद्यात पूर्ण माल भरू नका. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरायचा असेल, आंबा घाटातून साखरप्याला जायचं असेल, तर ती खेप पुढे ढकला किंवा दुसऱ्या गाडीने करा. घाटात उतरताना जो गिअर चढायला लागला असता तोच ठेवायचा, हे नव्या ब्रेकलाही लागू आहे.

पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळा, टाकीतली ऑइलची पातळी आधीच्या खुणेशी ताडून बघा आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून ओल आहे का बघा. पातळी उतरली असेल, पेडल काल होतं त्यापेक्षा खाली असेल किंवा ब्रेकचा लाल दिवा लागत असेल, तर गाडी गॅरेजपर्यंत "हळूहळू" चालवत नेऊ नका. मिस्त्रीला घरी बोलवा किंवा क्रेनने उचलून न्या, आणि वर सांगितलेल्यापैकी कोणत्या तपासण्या झाल्या व त्यांत काय दिसलं ते कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि बिल त्याच हिशेबाने येतं.